आधी मागची बाजू पाहा: सोव्हिएत लष्करी पदकांची पारख

सोव्हिएत पदक हातात आलं की आधी ते उलटं करावं. पुढची बाजू देखणी असतेच. लाल मीना, विळा-हातोडा, किरणांचा तारा पाहून डोळा तिथेच अडकतो आणि घेणारा फसतो. पुढची बाजू लाखो पदकांवर सारखी असते. मागे कोरलेला नंबर मात्र एकाच माणसाचा असतो. तो नंबर, त्यासोबतचा कागद आणि त्या कागदावरचं नाव या तिघांचा मेळ बसला तर हातात एका सैनिकाचं आयुष्य येतं. मेळ बसला नाही तर उरतो चांदीचा किंवा पितळेचा एक सुबक तुकडा. पुढे जे सांगतो आहे ते नवख्या संग्राहकासाठी आहे. पदक ओळखण्यापासून ते जपून ठेवण्यापर्यंत ज्या क्रमाने मी स्वतः पाहतो, त्याच क्रमाने लिहितो.

ऑर्डर वेगळी, पदक वेगळं

मराठीत आपण सगळ्यालाच पदक म्हणतो. सोव्हिएत व्यवस्थेत मात्र दोन थर होते. वरचा थर ऑर्डरींचा. लेनिन, रेड बॅनर, रेड स्टार, पेट्रियॉटिक वॉर, ग्लोरी ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. खालचा थर पदकांचा, म्हणजे मेडलांचा. हा फरक व्यवहारात फार उपयोगी पडतो, कारण ऑर्डरींवर नंबर असतो आणि बहुतेक पदकांवर नसतो. पदकांमधले महत्त्वाचे अपवाद दोन: 'शौर्यासाठी' आणि 'युद्धसेवेसाठी'. दोन्ही १७ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झाली, दोन्ही चांदीची. युद्धकाळातल्या नगांवर मागे नंबर असतो, नंतरच्या काळातल्यांवर नसतो.

'शौर्यासाठी' हे मला सगळ्यांत प्रिय पदक. ३७ मिलिमीटर व्यासाची चांदीची चकती, वर तीन विमानं, खाली अनेक बुरुजांचा टी-३५ रणगाडा आणि मधे लाल मीन्याने भरलेली अक्षरं. हे पदक फक्त स्वतः दाखवलेल्या धाडसासाठी मिळायचं, म्हणून सैनिकांमध्ये त्याचा मान कित्येक ऑर्डरींच्या बरोबरीचा होता. 'युद्धसेवेसाठी' त्याहून लहान, ३२ मिलिमीटरचं.

तारखा पाठ असल्या की निम्मं काम होतं. रेड बॅनर ही सर्वांत जुनी, १९१८ची; संपूर्ण सोव्हिएत संघासाठीची १९२४ची. लेनिन आणि रेड स्टार दोन्ही ६ एप्रिल १९३०च्या. पेट्रियॉटिक वॉर २० मे १९४२ची, दोन श्रेणींची. सुवोरोव, कुतुझोव आणि अलेक्सांद्र नेव्स्की या सेनानींच्या ऑर्डरी २९ जुलै १९४२च्या. ग्लोरी ८ नोव्हेंबर १९४३ची, तीन श्रेणींची. साधे शिपाई, सार्जंट आणि हवाई दलातले कनिष्ठ लेफ्टनंट यांच्यासाठी. ग्लोरीमध्ये आधी तिसरी, मग दुसरी, मग पहिली अशी पायरी चढावी लागे. तिसरी श्रेणी सुमारे १० लाख वेळा दिली गेली, दुसरी साधारण ४६ हजार, आणि पहिलीपर्यंत पोहोचलेले सुमारे २,६०० जणच. हे आकडे डोक्यात असले की 'पहिल्या श्रेणीची ग्लोरी, स्वस्तात' असं कुणी म्हणाल्यावर काय समजायचं ते कळतं.

मोहिमेची पदकं बहुतेक पितळी, ३२ मिलिमीटरची, बिननंबरची. लेनिनग्राड, ओदेसा, सेवास्तोपोल आणि स्टालिनग्राड यांच्या रक्षणाची पदकं २२ डिसेंबर १९४२ रोजी जाहीर झाली. बर्लिन, बुडापेस्ट, व्हिएन्ना, कोनिग्सबर्ग जिंकल्याची आणि वॉर्सा, बेलग्रेड, प्राग मुक्त केल्याची पदकं ९ जून १९४५ची. 'जर्मनीवरील विजय' हे तर सुमारे दीड कोटी लोकांना मिळालं. त्यावर स्टालिनचा चेहरा डावीकडे वळलेला आहे; 'जपानवरील विजय' पदकावर तो उजवीकडे पाहतो. नकाशा डोळ्यांसमोर आणा, जर्मनी पश्चिमेला आणि जपान पूर्वेला. एकदा हे लक्षात आलं की ही दोन पदकं पुन्हा कधी गोंधळात टाकत नाहीत.

रशियन लिपीची भीती वाटत असेल तर एक दुपार द्या, पुरेल. इंग्रजी 'सी'सारखं दिसणारं अक्षर 'स', 'पी'सारखं 'र', 'एच'सारखं 'न', 'बी'सारखं 'व', 'वाय'सारखं 'उ'. म्हणून पदकावर आपल्याला 'सीसीसीपी' दिसतं ते प्रत्यक्षात 'एसएसएसआर' आहे, सोव्हिएत संघाचं आद्याक्षरी नाव. रेड स्टारच्या मागे दोन ओळींत 'मोनेत्नी द्वोर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे टांकसाळ. एवढं वाचता आलं तरी चुकीच्या स्पेलिंगच्या ढोबळ नकला लगेच पकडता येतात.

पहिली खरेदी कोणती

पहिली खरेदी ऑर्डरची करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी १९६५चं 'विजयाची २० वर्षं' आणि १९७५चं 'विजयाची ३० वर्षं' अशी वर्धापनाची पदकं घ्यावीत. पहिल्यावर बर्लिनच्या ट्रेप्टोव्ह पार्कमधला सैनिकाचा पुतळा आहे, दुसऱ्यावर व्होल्गोग्राडच्या मामायेव टेकडीवरची मातृभूमीची मूर्ती. दोन्ही मुबलक आहेत, त्यामुळे त्यांच्या नकला करण्यात फारसा फायदा नाही. सोव्हिएत टांकसाळीचा ठसा कसा दिसतो, कडा कशी असते, अक्षरांचे कोपरे किती धारदार असतात, हे या स्वस्त नगांवर शिकून घ्यावं. मग 'जर्मनीवरील विजय'. त्यानंतर लेनिनग्राड किंवा मॉस्कोच्या रक्षणाचं एखादं, शक्यतो प्रमाणपत्रासह. आणि त्यानंतरच नंबरवालं 'शौर्यासाठी' किंवा रेड स्टार.

मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो. पहिलीच खरेदी 'शौर्यासाठी'. फोटोत सुरेख दिसत होतं. हातात आल्यावर तीन विमानांच्या पंखांची टोकं बोथट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. ओतीव नक्कल होती. ती मी अजून जपून ठेवली आहे. नवं पदक आलं की शेजारी ठेवून पाहतो. खोटं कसं दिसतं हे ओळखायला खोटा नग हाताशी असणं फार कामाचं असतं.

हातात घेऊन पारख

साधनं थोडकीच लागतात. सराफ डोळ्याला लावतात तसं दहापटीचं भिंग, दशांशातही ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, व्हर्निअर कॅलिपर, एक लहान लोहचुंबक आणि अतिनील टॉर्च. पदक उघड्या बोटांनी धरायचं नाही; पातळ नायट्रील हातमोजे घाला, नाहीतर निदान फक्त कडा धरा.

आधी ठसा. टांकसाळीत धातूच्या चकतीवर प्रचंड दाबाने ठसा मारतात. त्यामुळे अक्षरांचे काठ खडे उभे राहतात, मधली सपाट जागा गुळगुळीत असते आणि बारीक रेषा तुटत नाहीत. नक्कल करणारा सहसा खऱ्या पदकावरून साचा काढून धातू ओततो. ओतताना हवेचे बुडबुडे राहतात, धातू थंड होताना किंचित आकसतो. म्हणून ओतीव नग खऱ्यापेक्षा थोडा लहान भरतो, त्यावर बारीक छिद्रं दिसतात आणि कडेला कानशीने घासल्याच्या खुणा सापडतात. भिंगाखाली कड पूर्ण एक फेरी फिरवून पाहा. मी सगळ्यांत जास्त वेळ कडेवर घालवतो.

मग धातू. चांदी आणि पितळ लोहचुंबकाला चिकटत नाहीत. पदकाची चकती चिकटली तर ती खाली ठेवून द्या. मात्र चुंबक फक्त चकतीला लावा. वरच्या पंचकोनी पट्टीवर किंवा तिच्या मागच्या पिनेत लोखंड असू शकतं, तो दोष नव्हे. आणि एक विनंती: सराफाला पदक कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. चांदी खरी आहे हे कळेल, पण पदक कायमचं ओरखडलं जाईल. आकारमान आणि वजन त्याच प्रकारच्या खात्रीच्या नगाशी ताडून पाहणं पुरेसं असतं.

मीना हा वेगळा आणि रसाळ विषय आहे. अस्सल रेड स्टार किंवा पेट्रियॉटिक वॉरवरचा लाल रंग म्हणजे भट्टीत भाजलेली काच. तो गर्द माणकासारखा आणि पारदर्शक असतो. तिरप्या उजेडात धरला की खालच्या धातूवर उमटवलेल्या रेषा त्यातून चमकतात. नकलांवर किंवा दुरुस्त केलेल्या नगांवर बऱ्याचदा थंड राळेचा रंग भरतात. तो अपारदर्शक, थोडा मेणचट दिसतो, कडांवर फुगलेला असतो आणि अतिनील उजेडात आजूबाजूच्या मीन्याहून वेगळा चमकतो. मीन्याला टवके असणं हा गुन्हा नाही. बहुतेक रेड स्टारच्या टोकांना ते असतातच, कारण ही ऑर्डर अंगावर रोज वागवली गेली. टवक्याचे काठ काचेसारखे तडकलेले हवेत. दुरुस्त केलेला टवका लपवणं मात्र फसवणूक आहे, आणि उघडा टवका त्याहून कितीतरी बरा.

पदक कसं अडकवायचं, यावरून काळ ओळखता येतो. १९ जून १९४३चा हुकूम इथे दुभाजक आहे. त्याआधी 'शौर्यासाठी'सारखी पदकं लहान चौकोनी लाल फितीवर लटकायची. त्यानंतर फितीने मढवलेली पंचकोनी पट्टी आली. लेनिन आणि रेड बॅनर आधी मागच्या स्क्रूने छातीवर बसायच्या, १९४३ नंतर त्याही पंचकोनी पट्टीवर लटकू लागल्या. पेट्रियॉटिक वॉरचा प्रवास उलटा: आधी लटकती, मग स्क्रूची. रेड स्टार शेवटपर्यंत स्क्रूचीच राहिली. जुन्या रेड बॅनरचा स्क्रू कापून त्यावर कडी बसवलेली दिसली तर लगेच खोटी ठरवू नका. नव्या नियमाप्रमाणे वापरण्यासाठी तसे बदल त्या काळात खरोखर केले गेले. डाख जुना आहे का, भोवतीचा काळपटपणा अखंड आहे का, ते पाहा. नव्या डाखेभोवतीची चांदी उजळ पडलेली असते.

स्क्रूवरच्या नटाला मी कानातल्या कुड्यांसारखी फिरकीच म्हणतो, कारण काम तेच. फिरक्या हरवायच्या, बदलायच्या, एकीची दुसरीला लागायची. त्यामुळे फिरकी वेगळी असली तर किंमत थोडी कमी धरा, पण नग नाकारू नका. स्क्रू मात्र महत्त्वाचा. तो कापून आखूड केलेला, वाकलेला किंवा नव्याने डाख देऊन बसवलेला असेल तर भाव करताना तो धरावा लागतो.

फितीवर अतिनील टॉर्च मारून पाहा. अलीकडच्या कृत्रिम धाग्यात आणि आधुनिक साबणाने धुतलेल्या कापडात निळसर लकाकी येते. युद्धकाळातली फीत सहसा मंद राहते. पण फीत बदललेली असणं म्हणजे पदक खोटं असणं नव्हे. फिती झिजायच्या, सैनिक स्वतः बदलायचे. फितीवरून फक्त फितीचं वय ठरवा.

दोन पेट्रियॉटिक वॉर

याच्यासाठी थोडं थांबावं लागेल, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. युद्धातली पेट्रियॉटिक वॉर आणि १९८५ची पेट्रियॉटिक वॉर लांबून जुळ्या वाटतात. विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, ११ मार्च १९८५च्या हुकमाने, हयात असलेल्या युद्धसैनिकांना ही ऑर्डर सरसकट देण्यात आली. ती लाखोंनी घडली. युद्धातली ऑर्डर वेगवेगळे भाग घडवून रिव्हेटने जोडलेली आहे. पहिल्या श्रेणीत सोनं सुमारे ८ ग्रॅम, बाकी चांदी. १९८५ची एका तुकड्यात ठशाने काढलेली, चांदीची. पहिल्या श्रेणीवर सोन्याचा मुलामा. उलटं केलं की मागे रिव्हेटची डोकी दिसतात का, मधला विळा-हातोडा वेगळा बसवलेला आहे का, हे पाहिलं की निकाल लागतो. १९८५ची ऑर्डर कमी दर्जाची आहे असं मी मानत नाही. ती मिळालेला माणूसही त्याच युद्धातून परतला होता. पण तिचा भाव युद्धातल्या ऑर्डरीचा लावणं अप्रामाणिक आहे.

नंबर

आता मागची बाजू नीट वाचू. जुने नंबर हाताने, धारदार कोरणीने कोरलेले असत. नंतर फिरत्या यंत्राच्या टोकाने. हाताच्या कोरणीत रेषेची खोली बदलते, आकड्यांची उंची किंचित खालीवर होते, कोरणी उचलली तिथे टोक निमुळतं होतं. लेझरने कोरलेला नंबर सगळीकडे सारख्याच खोलीचा असतो, काठ जळाल्यासारखे दिसतात आणि पदकाच्या झिजेशी त्याचं काही नातं दिसत नाही. मुख्य प्रश्न असा: पदक घासलेलं आहे, तर नंबरही तेवढाच घासलेला आहे का? तारा गुळगुळीत आणि नंबर कालच कोरल्यासारखा, हे एकत्र जमत नाही.

दुसरी लबाडी नंबर बदलण्याची. एखाद्या नामांकित सैनिकाच्या कागदाशी जुळेल असा नंबर दुसऱ्या अस्सल पदकावर कोरतात. त्यासाठी आधीचा नंबर घासून काढावा लागतो आणि तिथे धातू पातळ होतो. कॅलिपरने जाडी दोन-तीन ठिकाणी मोजा, मागची बाजू तिरप्या उजेडात पाहा. उथळ खळगा दिसतो. तिसरी लबाडी श्रेणी वाढवण्याची. तिसऱ्या श्रेणीच्या ग्लोरीच्या मध्यभागी मुलामा चढवला की ती दुसरीसारखी दिसते. मुलाम्याची सीमा कुठे संपते, ती स्वच्छ आहे की पसरलेली, हे भिंगाखाली समजतं.

नंबराशेजारी रशियन 'द' अक्षर कोरलेलं असेल तर ते दुब्लिकात, म्हणजे हरवलेल्या पदकाऐवजी सरकारने पुन्हा दिलेलं. ते अस्सलच असतं. रेड बॅनरच्या तळाशी पांढऱ्या ढालीवर २ किंवा ३ असा आकडा दिसला तर ती त्या माणसाला मिळालेली दुसरी किंवा तिसरी रेड बॅनर आहे. असे नग दुर्मीळ, म्हणून त्यांच्या नकलाही जास्त.

कागद आणि माणूस

कागद दोन प्रकारचे. ऑर्डरधारकाला 'ओर्देन्स्काया क्नीझ्का' मिळे, म्हणजे ऑर्डरींची पुस्तिका. तिच्यात नाव, फोटो आणि प्रत्येक ऑर्डरचा व नंबरी पदकाचा नंबर लिहिलेला असे. मोहिमेच्या पदकांना वेगळं छोटं प्रमाणपत्र असे. त्यावर नाव, हुकमाची तारीख, देणाऱ्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. पदकावर नंबर नसल्याने ते कुणाचं हे सांगणारी गोष्ट फक्त हे प्रमाणपत्र. कागद आणि पदक वेगळे झाले की ते नातं कायमचं तुटतं. म्हणून माझी कळकळीची विनंती: एका माणसाची पाच पदकं आणि पुस्तिका एकत्र मिळाली तर त्यातलं एक महागडं काढून बाकीची विकू नका. नफा होईल, पण जे अनेक वर्षं एकत्र राहिलं ते तुमच्या हातून फुटेल.

कागद तपासताना शाईचा रंग एकसारखा आहे का, शिक्का फोटोवरून कागदावर अखंड गेला आहे का, खाडाखोड आहे का, पुस्तिकेतला नंबर पदकावरच्या नंबराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो का, हे सगळं पाहा. एक आकडा वेगळा असेल तर 'लिहिण्यात चूक झाली असेल' हे विक्रेत्याचं स्पष्टीकरण स्वीकारू नका.

मग शोध. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने 'पोद्विग नारोदा' आणि 'पाम्यात नारोदा' ही दोन संकेतस्थळं उघडली. त्यांवर दुसऱ्या महायुद्धातले पुरस्कारांचे लाखो मूळ कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत. मूळ दस्त पोदोल्स्कच्या केंद्रीय लष्करी अभिलेखागारात आहेत. शोध नाव, वडिलांच्या नावावरून आलेलं मधलं नाव, आडनाव आणि जन्मवर्ष यांवर चालतो. नुसत्या नंबरावरून माणूस सापडत नाही, म्हणूनच कागदाला एवढं महत्त्व. सापडला तर 'नग्रादनोई लिस्त', म्हणजे शिफारसपत्र वाचा. त्यात हुद्दा, तुकडी, जन्मवर्ष, जखमा, आधीचे पुरस्कार आणि खाली काही ओळींत नेमकी कामगिरी असते. कुणी गोळीबारात टेलिफोनची तार जोडली, कुणी जखमींना ओढून आणलं. कधी शिफारस मोठ्या ऑर्डरची असते आणि वरचा अधिकारी लहान पुरस्कार मंजूर करतो, तेही त्याच कागदावर दिसतं. भाषांतराची यंत्रं छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतात. हस्ताक्षरासाठी मात्र रशियन जाणणारा माणूस गाठावा.

इथे एक मोठा खड्डा आहे, तो नीट लक्षात घ्या. ४ जून १९४४च्या हुकमाने दीर्घ सेवेसाठीही हेच पुरस्कार देणं सुरू झालं: १० वर्षांच्या सेवेला 'युद्धसेवेसाठी', १५ वर्षांना रेड स्टार, २० वर्षांना रेड बॅनर, २५ वर्षांना लेनिन. ही पद्धत १९५७ला बंद झाली आणि तिच्या जागी 'निष्कलंक सेवे'ची वेगळी पदकं आली. म्हणजे दोन रेड स्टार पुढून-मागून अगदी सारख्या, पण एक खंदकातल्या रात्रीसाठी आणि दुसरी १५ वर्षांच्या नोकरीसाठी. हे पदक पाहून नेहमी कळत नाही, कागद पाहूनच कळतं. दुसरीकडे, १९४१ आणि १९४२च्या बहुतांश काळातले पुरस्कार खास मानावेत. माघारीचे दिवस होते आणि पुरस्कार हात आखडून दिले जात. १९४२च्या अखेरीस रेजिमेंटच्या प्रमुखापर्यंतच्या अधिकाऱ्यांना पदकं देण्याचा अधिकार मिळाला आणि त्यानंतर संख्या झपाट्याने वाढली.

या शोधात भारतीय नावंही भेटतात. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांना १९४४ साली रेड स्टार मिळाली. इराणमार्गे सोव्हिएत सैन्याला रसद पोहोचवण्याच्या कामाबद्दल. आपण या पदकांकडे परकी वस्तू म्हणून पाहतो तेव्हा हे दोघं आठवावेत.

किंमत ठरवताना

मी आकडे देत नाही, कारण भाव दर हंगामाला हलतात. पद्धत सांगतो. मागितलेली किंमत पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष उठलेली पाहा. एकाच प्रकारच्या, एकाच स्थितीच्या किमान सहा-सात विक्री जमवा. त्यात लिलावगृहाचं कमिशन, टपाल आणि जकात मिळवा. मग आपला नग त्या रांगेत कुठे बसतो ते पाहा.

दुर्मीळता संख्येवरून कळते. ओदेसाच्या रक्षणाचं पदक सुमारे ३० हजार लोकांना मिळालं, लेनिनग्राडचं १४ लाखांहून अधिक, बर्लिनचं सुमारे ११ लाख. म्हणून ओदेसाचं पदक महाग आणि म्हणूनच त्याच्या नकला जास्त. त्यानंतर कागद, मग त्या कागदातली गोष्ट, मग स्थिती. धातूची किंमत सर्वांत शेवटी. अपवाद लेनिन ऑर्डरचा: सोन्याची चौकट आणि प्लॅटिनमचं मुखचित्र असल्याने सोन्याचा भाव तिची किमान किंमत ठरवतो. त्यामुळेच तिची नक्कल करण्यावर लोक भरपूर मेहनत घेतात. लेनिन ऑर्डर जाणकाराच्या लेखी हमीशिवाय घेऊ नये.

कायद्याची बाजू

रशियात सोव्हिएत राज्य पुरस्कारांची खरेदी-विक्री हा फौजदारी गुन्हा आहे, दंडसंहितेच्या कलम ३२४ खाली. मॉस्कोच्या बाजारात कुणी 'आजोबांची रेड स्टार' देऊ करत असेल तर हात लावू नका, आणि कुणा मित्राला सामानातून आणायलाही सांगू नका. तुमच्या हौसेपायी तो विमानतळावर अडकेल. रशियाबाहेरच्या नोंदणीकृत लिलावगृहाकडून, पावतीसह घ्या. नग कुठून आला हे लेखी मागा. भारतात मागवताना पार्सलवर खरं वर्णन आणि खरी किंमत असू द्या. सोन्याच्या ऑर्डरीचा विचार असेल तर पैसे भरण्याआधीच कस्टमच्या सल्लागाराला विचारा.

घरी जपताना

आपल्याकडचा पावसाळा हा पदकांचा मोठा शत्रू. कोकणात आणि मुंबईत जूनपासून चांदी काळवंडते, पितळेला कळंक चढतो. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आम्लविरहित कागद एवढं पुरतं. पुड्या दर महिन्याला तपासा. रबरबँड, लोकरीचं कापड आणि जुनं वर्तमानपत्र चांदीजवळ ठेवू नका, त्यातल्या गंधकाने ती काळी पडते. मऊ पीव्हीसीच्या खिशांचे अल्बमही नकोत, काही वर्षांनी त्यातून चिकट हिरवा थर उतरतो. फिती उन्हापासून दूर ठेवा.

आणि पदक घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, विभूती, काहीही नाही. देवाची भांडी लख्ख करणारा हात पदकाचं नुकसान करतो. कित्येक वर्षांत चढलेला तो सावळा थर पदकाच्या खरेपणाचा पुरावा आहे, आणि घासल्यावर तो परत येत नाही. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटका. कळंक वाढत असेल तर संग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा.

शेवटी एक वही करा. प्रत्येक नगासाठी नंबर, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, कुठून आणि कधी घेतला, कागदावर काय लिहिलं आहे आणि शोधात काय सापडलं, हे लिहून ठेवा. सैनिकाचं पूर्ण नाव रशियन अक्षरांत आणि मराठीत दोन्हीकडे उतरवा. आपल्यानंतर हा डबा ज्याच्या हाती जाईल, त्याला ते नाव वाचता यायला हवं.